सतरंजीभर जागा, वीस मिनिटं वेळ

नळाखालची बादली उचलायला वाकले ती तशीच राहिले. वर येता येईना, खाली बसता येईना. पिळलेल्या कपड्यांची बादली, रोजचीच, काही फार जड नव्हती. पण त्या दिवशी कमरेत अशी चमक निघाली, की डोळ्यांपुढे काजवेच चमकले. सासूबाई देवघरातून धावत आल्या. “उसण भरली ग तुला. आता मुळीच हलू नकोस,” म्हणाल्या. आणि मी हललेच नाही. तब्बल तीन आठवडे हलले नाही.

ही गोष्ट १९९३ सालची. त्या वेळी सगळ्यांचाच सल्ला तसा असे. डॉक्टरांनी सांगितलं, गादी काढा, लाकडी फळी घाला आणि उताणं पडून राहा. शेजारच्या वाड्यातल्या एक काकू पायाळू होत्या. त्यांना मुद्दाम बोलावून आणलं, त्यांनी कमरेला पाय लावला. वाळूच्या पुरचुंडीनं शेकून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी कळ ओसरली आणि काकूंच्या पायाला यश आलं. आता कळतं, की उसण बहुतेक वेळा आपली आपणच उतरते. काही दिवसांत पुष्कळ कमी होते, बहुतेकींची सहा आठवड्यांच्या आत बरी होते. मधल्या काळात जो कोणी भेटेल त्याला श्रेय मिळतं, मग त्या पायाळू काकू असोत नाहीतर डॉक्टर!

कळ गेली तरी मी फळीवरच होते. एकविसाव्या दिवशी उठले तेव्हा पाय लटपटत होते. चार पोळ्या लाटल्या आणि धाप लागली. त्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसली. जड उचलू नको, वाकू नको, खाली बसू नको. पुढची वीस-बावीस वर्षं मी घरातली ‘कंबरवाली’ होऊन बसले. मंगळागौरीला, मुंजीला सगळ्या जणी जमिनीवर मांडी घालून बसल्या, की मला कोणीतरी खुर्ची आणून द्यायचं. सुरुवातीला बरं वाटायचं. नंतर नंतर त्या खुर्चीचा राग यायला लागला.

अशी खुर्ची घरोघरी असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. हे कळायला आपल्याला जागतिक संघटना कशाला हवी म्हणा! हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, की अर्ध्या जणी उठताना गुडघ्यावर हात ठेवून “आई ग” म्हणतात.

गंमत अशी, की मी फळीवरून उठल्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ साली, फिनलंडमधल्या एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले होते. हेलसिंकी शहराच्या नोकरीतल्या, नुकतीच कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन दिवस पूर्ण झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितलं, की सोसेल तेवढी आपली रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. झोपून राहिलेले सगळ्यांत मागे पडले. म्हणजे दोन दिवसांनीसुद्धा फरक पडतो, मी तर एकवीस दिवस झोपले होते!

यातून दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. उसण ताजी असताना झोपून राहायचं नाही. फार तर एखादा दिवस, तोही नाइलाज म्हणून. आणि त्याच दिवसांत अंगावर व्यायामही लादून घ्यायचे नाहीत. घरातल्या घरात फिरायचं, सोसेल ते करायचं, गरम पाण्याची पिशवी घ्यायची. व्यायामाची पाळी त्यानंतर. आणि खरं काम व्यायामच करतात, पण हे मला कळायला २०१६ साल उजाडलं.

त्या वर्षी लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होणार होतं. सातवा महिना लागला होता. घरात सगळे आनंदात, आणि मी रात्री जागी. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, रात्री-अपरात्री उचलायचं, बाळंतिणीचं सगळं करायचं, आणि माझ्या हातून तर पाण्याची कळशी उचलवत नव्हती. मदतीला बाई ठेवता येईल, हे खरं. पण आपल्या लेकीचं बाळ आपल्यालाच उचलता येऊ नये? हे कोणाजवळ बोलताही येईना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग नवा पट्टा घेऊ या का?” पट्टे माझ्याकडे दोन होते. एक कपाटात आणि एक कमरेला.

आमच्या मागच्या गल्लीत एका मुलीनं नुकतंच फिजिओथेरपीचं काम सुरू केलं होतं. तिच्याकडे गेले ती शेक घ्यायच्या तयारीनं. तिनं यंत्र काढलंच नाही. समोर बसवलं आणि विचारलं, “काकू, व्यायाम काय करता?”

“अग, पहाटे साडेपाचपासून पायांवर उभी असते. आणखी कसला व्यायाम?”

“त्याला काम म्हणतात काकू.”

मला जरा रागच आला. पण तिनं समजावून सांगितलं ते पटलं. आपलं सगळं घरकाम पुढे वाकून चालतं. केर काढा, फरशी पुसा, कपडे धुवा, भाजी चिरा, ओट्याशी उभ्या राहा, सगळं पुढे आणि खाली. मागे वळणं नाही, पोटाच्या स्नायूंना काम नाही, मांड्या-नितंबांना नाही. म्हणजे एकच चाळण सतत एकाच बाजूला हलवावी तसं. कमरेचा कणा एकटा उभा राहत नाही. पुढून पोटाचे स्नायू, मागून पाठीचे, खालून नितंबांचे, असे चारी बाजूंनी तंबूच्या दोऱ्यांसारखे ओढून धरतात. एक दोरी ढिली पडली की बाकीच्यांवर ताण. घरकामानं आपण दमतो खूप, पण त्या दोऱ्या घट्ट होत नाहीत.

मी तिला फोटो दाखवला. “मणक्यात गॅप आहे हो माझ्या.” हा ‘गॅप’ शब्द आपल्याकडे कितीजणींना आयुष्यभर घाबरवून ठेवतो! ती म्हणाली, “या वयात असायचाच.” त्या वेळी मला ते उडवून लावल्यासारखं वाटलं. पण तिचं बरोबर होतं. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या तपासण्या त्यात पाहिल्या होत्या. पन्नाशीच्या, ठणठणीत माणसांतसुद्धा ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या थोड्या बाहेर आलेल्या. डोक्यावर पांढरे केस येतात तसं आतही काही पांढरं होत असतं, इतकंच. तेव्हा फोटोत काही दिसलं म्हणजे आता कंबर गेलीच, असं मनाला लावून घेऊ नका.

आता व्यायाम सांगते. याला लागतं काय? एक सतरंजी, तीही दोनपदरी. भिंत. एक न हलणारी खुर्ची. बस्स. यंत्र नको, चेंडू नको, महिन्याची फी नको. साडी असेल तर सरळ गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घाला, म्हणजे संकोच वाटणार नाही. जमिनीवर बसता-उठता येत नसेल, तर कडक दिवाणावर करा. पलंगाची मऊ गादी मात्र नको.

उताणं झोपून गुडघे वाकवायचे, तळपाय टेकवायचे. कमरेखाली हात सरकवून पाहा, जराशी पोकळी लागेल. पोट हलकेच आत घेऊन ती पोकळी सतरंजीला टेकवायची, मनात पाच अंक मोजायचे आणि सोडायची. श्वास कोंडायचा नाही. हे इतकं सोपं आहे की यानं काय होणार असं वाटतं, पण पहिल्या दिवशी माझं पोट थरथरत होतं. त्यानंतर एकेक गुडघा दोन्ही हातांनी धरून सावकाश पोटाकडे आणायचा. एका वेळी एकच. मग तसंच पडल्या पडल्या नितंब वर उचलायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक उतरती रेघ व्हायला हवी. योगासनं केलेल्या जणी म्हणतील, हे तर सेतुबंधासन. त्याची धाकटी बहीण समजा. सुरुवातीला प्रत्येक प्रकार पाच वेळा पुरे. आठवड्याला एक-दोन वाढवत दहापर्यंत न्यायचे.

पुढचा प्रकार मला सगळ्यात आवडतो. नातवंडांसाठी घोडा होतो तसं तळहात आणि गुडघे टेकून ओणवं व्हायचं. प्रथम मांजरीसारखी पाठ वर कमानदार करायची, मग हलकेच खाली सोडायची. ताणायचं नाही, कुलपात तेल घालून किल्ली फिरवावी तसं नुसतं मोकळं करायचं. सात-आठ वेळा झालं, की पाठ सरळ ठेवून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा. आठ-दहा अंक मोजून परत. मग दुसरी बाजू. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्यावर वर्षानुवर्षं संशोधन करणारे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कमरेसाठी जे तीन व्यायाम निवडले, त्यांतला हा एक. यात स्नायू बळकट होतात आणि कण्यावर भार मात्र कमी येतो. कमरेवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली आहे, अशी कल्पना करायची. पहिल्या आठवड्यात माझी वाटीच काय, पातेलंसुद्धा सांडलं असतं! ज्यांना हात-पाय एकदम जमत नाहीत त्यांनी नुसता पाय मागे न्यावा. मनगटं दुखत असतील तर मुठी टेकाव्या, गुडघ्यांखाली उशी घ्यावी.

मग पालथं झोपायचं. याची एक छान हकिगत आहे. रॉबिन मॅकेन्झी हे न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट. १९५६ साली त्यांच्याकडे कमरेतून पायात कळ जाणारा एक रुग्ण आला. कित्येक दिवस उपचार चालू होते, गुण नव्हता. एके दिवशी मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन पालथं पडायला सांगितलं आणि स्वतः दुसऱ्या रुग्णात गुंतले. आतल्या टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली होती. तो बिचारा तसाच, कंबर मागे वाकलेल्या स्थितीत, पडून राहिला. थोड्या वेळानं मॅकेन्झी आले तर दचकलेच. पण रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटतंय! त्यावरून पुढे त्यांनी सगळी पद्धतच बसवली.

आपण करायचं ते इतकंच. दोन मिनिटं नुसतं पालथं पडायचं. बरं वाटलं तर कोपरं टेकून छाती वर घ्यायची, मुलं पालथी पडून पुस्तक वाचतात तसं. आणि तेही सोसलं तर हात टेकून आणखी थोडं वर, आपल्या भुजंगासनाच्या दिशेनं. पण कंबर सैल. इथे एक खूण लक्षात ठेवा. पायातली कळ वर सरकत कमरेत आली, तर कमरेत जरा जास्त दुखलं तरी ते चांगलं लक्षण आहे. कळ पायात आणखी खाली उतरायला लागली तर थांबा, तो व्यायाम तुमच्यासाठी नव्हे. काहींना, विशेषतः वयस्कर बायकांना, थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. त्यांना हे पालथं पडणं बहुधा मानवत नाही. त्यांनी गुडघा पोटाशी घेण्यावर भर द्यावा. एकीला लागू पडलं ते दुसरीला पडेलच असं नाही. कंबरेच्या बाबतीत शेजारणीची नक्कल फार महागात पडते.

शेवटी उभं राहून दोन गोष्टी. भिंतीला पाठ लावून पावलं फूट-दीड फूट पुढे ठेवायची आणि गुडघे जरासे वाकवत पाठ खाली घसरवायची, थोडं थांबून वर यायचं. फार खाली जाऊ नका. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. हे सगळं मिळून वीस मिनिटं होतात. घाई करून बारा मिनिटांत उरकण्यापेक्षा त्या दिवशी दोन प्रकार कमी करा.

दुखतं का? थोडं दुखणारच. इतकी वर्षं न वापरलेले स्नायू आहेत. माझ्या त्या फिजिओथेरपिस्टनं सोपा नियम दिला होता. करताना थोडं जाणवलं आणि तासाभरात निवलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जास्त राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, आज निम्मं करा. पण बंद करू नका.

सकाळचं एक मात्र सांगायला हवं. रात्रभर आडवं राहिल्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळेच सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंचसुद्धा असतो! या फुगलेल्या गाद्यांवर पुढे वाकण्याचा ताण जास्त येतो. आणि आपण करतो काय? डोळे उघडले की झाडू, सडा, रांगोळी. उठल्यावरचा पहिला तासभर वाकायचं काम ठेवू नका. दूध तापवा, चहा करा, डबे भरा, फिरून या, आणि केर मागाहून काढा. व्यायामही झोपेतून उठल्या उठल्या नको. रांगोळी आठ वाजता घातली तरी लक्ष्मी रागावत नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं नाही, पण पुढे त्यांनीच रांगोळीचा डबा माझ्याकडून काढून घेतला आणि ठिपक्यांचा कागद बाजारातून आणला.

ओट्याशी उभं राहून कंबर भरून येते, तर एक पाट किंवा चार बोटं उंचीचा ठोकळा पायाशी ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर ठेवून उभ्या राहा. लगेच फरक जाणवतो. बादली अर्धीच भरा, दोन खेपा करा. उचलताना वस्तू अंगाजवळ ओढून घ्या, गुडघ्यात वाका. फरशी पुसायला लांब दांड्याचं पोतेरं घेतलं तर त्यात आळशीपणा नाही, कोणी काही म्हणो.

आणि चालणं. याबद्दल २०२४ साली ऑस्ट्रेलियातून फार चांगली बातमी आली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, मधूनमधून फिजिओथेरपिस्टचा सल्ला दिला. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा दुखू लागली. चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. जवळजवळ दुप्पट! आणि त्यांना चालायला किती सांगितलं होतं? हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास. मी पहिल्या आठवड्यात आठ मिनिटं चालले. देवळापर्यंत जाऊन परत. पायात सपाता नको, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. साडीवर बूट घातले म्हणून आमच्या गल्लीत आठ दिवस चर्चा झाली, नवव्या दिवशी विषय संपला. पावसाळ्यात मी गच्चीवरच्या पत्र्याखाली चालते, तेवीस पावलं जायची आणि तेवीस यायची.

पट्ट्यांचं काय झालं, तेही सांगते. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं. त्यात व्यायामाला जागा आहे, माहिती समजावून देण्याला आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून कंबर ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक, यांची शिफारस नेहमीसाठी करू नये असं त्यात आहे. माझे दोन पट्टे तोवर माळ्यावर गेले होते. ज्यांनी अजून घेतला नसेल, त्यांनी ते पैसे बुटांना वापरावेत.

पण प्रत्येक कंबरदुखी सतरंजीवर बरी होत नाही, हे नीट लक्षात घ्या. लघवी किंवा संडास यांच्यावरचा ताबा सुटला, लघवी अडली, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली शक्ती गेली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री झोपेत कंबर जास्त ठणकते, तर मणक्याचा क्षय नाही ना ते तपासून घ्या; आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तरी आधी डॉक्टर. गरोदर असाल तर वरचे व्यायाम मनानं करू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवून त्यांतले निवडून घ्या.

पाळी गेलेल्या बायकांसाठी आणखी एक. त्या वयात हाडं ठिसूळ होतात. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८४ साली पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी दहांत नऊ जणींचे मणके नव्यानं दबले, मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत मात्र सहांत एकीचेच. बायका थोड्या होत्या, पण फरक केवढा! म्हणून साठीच्या मैत्रिणींनो, हौसेनं पश्चिमोत्तानासन, पायांचे अंगठे पकडणं, झोपून उठाबशा असलं काही सुरू करू नका. पाठीला मागे बळ देणारे, सरळ ठेवणारे व्यायाम तुमचे.

आता खरी अडचण सांगू? पैसे नव्हेत, जागाही नव्हे. दुपारी साडेतीन वाजता दार लोटून सतरंजीवर पडायचं म्हणजे घरात कोणाला तरी चहा हवा असतो, कोणाचं तरी काहीतरी सापडत नसतं. पहिले आठ दिवस मी व्यायाम चोरून केला. कोणी आलं की पटकन उठून बसायचे, जणू काही गुन्हाच करते आहे. एकदा ह्यांनी दार उघडलं तेव्हा मी ओणवी, एक हात पुढे, एक पाय मागे! ते म्हणाले, “काही हरवलं का?” मी तशीच राहून म्हणाले, “वीस मिनिटांनी या. आणि चहा तुमचा तुम्ही करा.” लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांनी चहा केला, साखर जास्त पडली होती. पण दुसऱ्या दिवसापासून साडेतीनला दारावर कोणी थाप मारली नाही.

गुण लगेच आला असं सांगणार नाही. पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नव्हता, एकदा तर सोडूनच देणार होते. पाचव्या आठवड्यात लक्षात आलं, की सकाळी पलंगावरून उठताना मी उशाशी धरायला हात नेला नाही. सहाव्यात कळशी उचलली. अर्धी भरलेली. लेक बाळंत झाली तेव्हा न्हाऊ घालायला बाई ठेवली होती, तरी सव्वा महिन्यात चार-पाच वेळा मी पायांवर बाळाला घेतलं. खाली पाटावर बसून. खुर्ची तिथे नव्हती.

पूर्ण बरी झाले का? नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या गडबडीत पंधरा दिवस व्यायाम चुकला, आणि भाऊबिजेला कंबर पुन्हा धरली. या वेळी फळी घातली नाही. तशीच चालत राहिले, सहाव्या दिवशी पुन्हा सतरंजी काढली. आजही पावसाळी हवेत, लांबच्या एसटीच्या प्रवासानंतर कंबर बोलते. पण आता मी तिला घाबरत नाही.

गेल्या वर्षापासून दुपारी साडेतीनला धाकट्या जाऊबाईही येतात. त्यांच्या मागे समोरच्या ब्लॉकमधल्या दोघी आल्या. सतरंजी पुरेना, म्हणून माळ्यावरून लग्नातलं जाजम खाली काढलं. नात आता शाळेत जाते. ती शाळेतून आली, की आम्ही चौघी ओणव्या दिसतात आणि ती आधी माझ्याच पाठीवर चढते.